कागदावरची नणंद

नोटरीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, तीन जन्मदाखले पत्त्यांसारखे टेबलावर मांडले आणि त्यातला एक बोटाच्या टोकानं बाजूला सारला.

"तुम्हाला दोनच मुलं आहेत," त्या म्हणाल्या.

कुमुशायला वाटलं, बाईंच्या ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. तिनं पुन्हा नावं सांगितली. आदिनाय अकरा वर्षांची, एर्बोल सात, सायकाल चार. तिघंही तिच्याच पोटची, आणि पहिलीच्या वेळी तर तिनं दोन दिवस भिंत ओरबाडली होती. आजपासून नवव्या दिवशी बिश्केकच्या इस्पितळात तिच्या पोटातली गाठ काढायची होती. घाबरू नका, असं डॉक्टर इतक्यांदा म्हणाले की ती घाबरली. आपण त्या टेबलावरून उठलोच नाही तर पोरांचं काय, एवढं लिहून ठेवायला ती दुकानाला कुलूप घालून आली होती. घर आणि रस्त्याकडेचं पंक्चरचं दुकान तिघांच्या नावे सारखं. आणि तिघांचा सांभाळ तिची धाकटी बहीण जिपार करील, तिघांना एकत्र ठेवून. बाप तीन वर्षांपूर्वीच गेलेला. यात न समजण्यासारखं काय होतं ते कुमुशायला कळेना.

बाईंनी बाजूला सारलेल्या दाखल्यावर बोट ठेवलं. आईच्या नावापुढं बात्माकान लिहिलंय, ही कोण, म्हणून विचारलं. कुमुशाय म्हणाली, सासू.

"मग कागदानुसार ही मुलगी तुमच्या सासूची. तुमच्या नवऱ्याची सख्खी बहीण. तुमची नणंद. नणंदेला घर द्यायचं तर खुशाल द्या. पण तुमच्या माघारी नणंद कुणाकडे राहील, हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

हे कुमुशायला ठाऊक नव्हतं असं नाही. अख्ख्या कोचकोर गावाला ठाऊक होतं. पण तो दाखला अकरा वर्षं बात्माकानच्या पत्र्याच्या पेटीत, घडी घातलेल्या लोकरी नमद्यांच्या खाली पडून होता. तो एक दिवस उठून बसेल आणि तोंड उघडेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाईंनी पुढचंही समजावून सांगितलं. कुमुशायचं काही बरंवाईट झालं तर एर्बोल आणि सायकाल मावशीकडे जातील. आदिनाय राहील बात्माकानकडे, कारण कागदावर तीच आई. आणि बात्माकानच्या माघारी तिचा ताबा मोठ्या भावाकडे, म्हणजे कुमुशायच्या थोरल्या दिराकडे, शेयशेनकडे. यातून वाटा दोन. एक, कोर्टात जायचं. बात्माकाननं उभं राहून सांगायचं की ही मुलगी मी जन्माला घातलेली नाही. मग साक्षी, रक्ताची तपासणी, आणि हे सगळं चार-पाच महिन्यांचं काम. दुसरी वाट एका दिवसाची. कागदावरची आई म्हणून बात्माकाननंच लिहून द्यायचं की माझ्या मुलीचा सांभाळ जिपार करील. तिघं एकत्र राहतील. कागद मात्र आहे तसाच.

"म्हंजे मी मेल्यावर बी ती माझी नणंदच ऱ्हाणार?"

"जिवंतपणी अकरा वर्षं आहेच की," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला.

कुमुशाय उठली तशी तिच्यामागची खुर्ची पडली. ती तिनं उचलली नाही.

बाजारातून घराकडे येताना ती रागानं इतकी भरभर चालत होती की ओळखीच्या दोन बायकांनी तिला हाक मारायचं टाळलं. पहिला राग बाईंवर. मग त्यापेक्षा मोठा, मेलेल्या नवऱ्यावर. सासूवरचा राग जुना, त्याला घरचा रस्ता आपोआप सापडायचा.

पंचविसाव्या वर्षी ती या घरात आली. ताशतान धाकटा मुलगा, म्हणून आईबाप त्याच्याजवळ, आणि घरही त्याचंच होणार. दोलोनच्या घाटातून उतरणारे ट्रक गावात शिरतात तिथंच त्याचं दुकान: टायरांचा ढीग, हवेचं मशीन, लोखंडी डबा-खोली. पहिली मुलगी फेब्रुवारीत झाली. चाळीस दिवस भरले, पोरीला चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घातलं, आणि सासूनं तिला आपल्या शालीत गुंडाळून आपल्या खोलीत नेलं. लेकाचं पहिलं पोर म्हाताऱ्यांचं, यात विचारायचं काय असतं? थोरल्या शेयशेनची बायको शहरातली, तिनं आपलं पहिलं पोर द्यायला साफ नकार दिला होता. मग पाळी धाकट्यावर आली. ताशतान म्हणाला, अगं, भिंतीपलीकडंच तर हाय, कुठं चीनला चाललीय.

भिंतीपलीकडून हाक यायची, सूनबाई, ये, पोर भुकेजलंय. पाजून झालं की, सूनबाई, जा. ती यायची आणि जायची.

सासऱ्यानं त्याही पुढची पायरी गाठली. लोक नातू आपल्याकडे ठेवतात, यानं कागदावरही ठेवला. बात्माकानला चार मुलं होती. पाचवं झालं की बाईला पेन्शन लवकर लागायचं. दवाखान्यातल्या नर्सला एक मेंढी पोचली आणि तिनं लिहिलं की एक्कावन्न वर्षांची बात्माकान घरी बाळंत झाली. दाखला देताना कारकून हसत म्हणाला म्हणे, म्हातारी घोडी बी व्याली. ही गोष्ट सासरा पुढं कितीतरी लग्नांत रंगवून सांगायचा आणि लोक पोट धरून हसायचे. कुमुशाय तेव्हा वाढत असायची.

पोरगी बोलायला लागली. बात्माकानला आई म्हणाली, ताशतानला दादा. कुमुशायला म्हणाली, वहिनी. वहिनी, भूक लागलीय. वहिनी, माझा मोजा कुठंय. कुमुशाय प्रत्येक वेळी "हं" म्हणायची. त्या एका "हं"मध्ये तिनं अकरा वर्षं काढली.

सासरा गेला. पुढं तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ताशतान एका ट्रकखाली शिरला आणि जॅक घसरला. त्याच्या नावचा एकही कागद धड नव्हता. अर्धा प्यालेला चहा ठेवून उठावं तसा तो सगळं ठेवून गेला. घर-दुकान आपल्या नावावर करायला कुमुशाय वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती. बात्माकाननं आपला हिस्सा सोडण्याच्या कागदावर न वाचता सही दिली, ते शेयशेन अजून विसरला नव्हता. मयताच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि एकेचाळिसाव्या दिवशी कुमुशायनं दुकान उघडलं. दिरानं बालिकचीहून फोन करून सांगितलं, बाईमाणसानं रस्त्यावर चाकं खोलणं बरं दिसत न्हाई. तिनं विचारलं, मग तुम्ही येता खोलायला? तो काही आला नाही. तळ्याकाठी त्याची तळलेल्या मासळीची खाणावळ होती आणि तिथून त्याला उठता येत नव्हतं.

तीन वर्षांत तिचे दंड पैलवानासारखे झाले. ट्रकचा टायर ती टॉमी घालून एकटी रिमवरून उतरवायची. जॅकखाली लाकडाचा ठोकळा लावल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायची नाही. ड्रायव्हर थांबले की चहा मिळायचा, इकडे देतात तसाच: वाडग्यात तळाशी घोटभर, संपला की पुन्हा घोटभर, म्हणजे बस रे बाबा, तुझं येणं बरं वाटलं. आणि एखाद्यानं आगाऊपणा केला, तुझा दादला कुठं गं, वगैरे, तर त्याला ती वाडगा काठोकाठ भरून द्यायची. पी आणि चालू लाग. घाटावरच्या ड्रायव्हरांत म्हणायची पद्धत पडली होती, कुमुशायकडं भरून मिळाला का रे?

घरी आल्यावर तिनं सासूला सगळं सांगितलं. गाठीचं सासूला माहीत होतं. कागदाचं सांगितलं तेव्हा म्हातारी कणीक मळत होती, ती मळतच राहिली. कुमुशाय म्हणाली, कोर्टात चला. उभं राहून खरं काय ते सांगा.

"माझ्या पोराला मी परकं म्हणू?"

"माझ्या पोराला."

बात्माकाननं हात थांबवले. बासष्ट वर्षांची ही बाई बोलताना आवाज चढवत नसे. तिला कधी गरज पडली नव्हती. "डोकं कुणी इंचरलं तिचं? उवा कुणी काढल्या? गोवर आला तवा धा दिवस मी मांडीवर घिऊन बसले. तू टायर बशिवत व्हतीस."

"गोवर आला तवा मालक जित्तं व्हतं. मी घरात व्हते. तुम्ही मला आत येऊ दिलं न्हाई."

"दार उघडं व्हतं," बात्माकान म्हणाली.

हे खरं होतं, आणि म्हणूनच कुमुशायला असा राग आला की तिनं समोरचा परातीएवढा पोळपाट उचलून पुन्हा खाली ठेवलं. दार उघडं होतं. ती उंबऱ्यापर्यंत जायची आणि "सूनबाई, आता जा" ऐकलं की परत फिरायची. ढकललं कुणीच नव्हतं तिला. तेवढं एक सोडलं तर बाकी सगळ्यांनी सगळं केलं होतं. तिनं सासूला सांगितलं, ठीक हाय, नका येऊ. मग भावजींनाच विचारू, ते काय करणार हायेत. आणि तिनं सासूदेखत शेयशेनला फोन लावला आणि रविवारी जेवायला बोलावलं.

असं कुणी करत नाही. मरणाबिरणाचं बोलणं जेवणाच्या चटईवर कुणी आणत नाही, आणि थोरल्या दिराला सून तोंडावर प्रश्न विचारत नाही. शेयशेनही बेसावध आला. कारच्या डिकीतून त्यानं खारवलेल्या मासळीची पिशवी काढली, आईच्या हातात दिली, गाठीबद्दल जिभेनं चुकचुक केलं आणि मानाच्या जागी, दारासमोरच्या गाद्यांवर, मांडी घालून बसला. शेवयांवर मटण आलं. कणकेचे तळलेले बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा. आदिनाय चहाच्या समोवारपाशी बसून चहा ओतत होती आणि काकाला, म्हणजे कागदावरच्या थोरल्या भावाला, घोटभर-घोटभर देत होती. एर्बोल आणि सायकाल हाडं चोखत होते. मटण निम्मं झालं तेव्हा कुमुशायनं त्यांना बाहेर कोंबड्या बघायला पाठवलं. आदिनायला पाठवायला हवं होतं. पण चहा कोण ओतणार.

"भावजी, मी मेले तर पोरांचं काय करणार तुम्ही?"

शेयशेनला ठसका लागला. अभद्र बोलू नये, म्हणाला, जेवताना तर न्हाईच न्हाई. कुमुशाय म्हणाली, जेवतानाच इचारते, एरवी तुम्ही घावत न्हाई. मग त्यानं तोंड पुसलं, आणि गंमत अशी की त्याचं सगळं तयार होतं. बी-बियाण्याचा भाव सांगावा तसं तो सांगू लागला.

"एर्बोल आमचं हाड हाय. तो आमच्याकडं येणार. सायकाल मावशीकडं गेली तरी चालंल, पोरगी आज ना उद्या लोकाच्याच घरी जायची. आन आदिनाय तर माझी बहीणच हाय की." इथं तो हसला. "कागदच तसा हाय. आता हाताशी आलीय, खाणावळीत मासळी साफ करंल, माझ्या बायकोला तेवढाच आधार."

"आन साळा?"

"साळा कुठं पळून चाललीय?"

समोवारपाशी वाडग्यावर वाडगा आपटला. कुमुशायनं तिकडे पाहिलं नाही. तिनं पाहिलं असतं तर तिच्या हातून काय झालं असतं हे तिलाच सांगता आलं नसतं. हाताशी सुरी होती आणि समोर मेंढीची मांडी. ती मांडी कापत राहिली, हाडापर्यंत, आणि हाडावरही.

तेवढ्यात बात्माकान बोलली. इतका वेळ ती भिंतीला टेकून गुडघा चोळत होती. म्हणाली, आन मी रं?

"तू बी चल की, आई. खाणावळीच्या मागं कोळशाची खोली हाय, ती चुना मारून घिऊ."

"आन हे घर?"

"रिकाम्या घराचं काय लोणचं घालायचं? दुकानाची जागा तर रस्त्याला लागून हाय, एकाशी बोलणं बी झालंय," शेयशेन म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला वाटलं असावं की हे जरा लवकर झालं, कारण त्यानं लगेच आपला वाडगा चहासाठी पुढं केला.

आदिनायनं हात लांबवला. पण वाडगा बात्माकाननं घेतला. गुडघ्यावर हात टेकत ती समोवारपाशी सरकली, तोटी सोडली, आणि वाडगा भरू दिला. निम्मा झाला, पाऊण झाला, काठाला आला. तोटी तिनं तेव्हा बंद केली जेव्हा चहा काठाच्या वर फुगून थरथरायला लागला. मग दोन्ही हातांनी, एक थेंब न सांडता, तिनं तो आपल्या थोरल्या लेकासमोर ठेवला.

शेयशेन वाडग्याकडे बघत राहिला. बेचाळीस वर्षांच्या माणसाला त्याच्या आईनं असा वाडगा दिलेला कोचकोरात कुणी ऐकला नसेल. त्यानं तो तोंडालाही लावला नाही, उठला, टोपी घातली. दारात बुटात पाय घालताना म्हणाला, कुमुशायनं तुझे कान भरले. बात्माकान म्हणाली, मी आपल्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी दुकानात आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. टायरांच्या ढिगावर बसली आणि कुमुशायनं एका मिनीबसचं चाक बसवून संपवेपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, त्या चष्म्याच्या बाईकडं येते मी. जिपारचं नाव लिहून देते.

"कोर्टात?"

"कोर्टात न्हाई. कागदावर आई हाय, आई म्हणून लिहून देते. आन ऐक. जिपार हितं ऱ्हायला येईल. पोरं या घरातनं हलणार न्हाईत. मी बी हलणार न्हाई."

जिपार टोकमोकला कपडे शिवण्याच्या कारखान्यात होती, एकटी, सडेतोड. फोनवर तिनं ताईचं पुरतं ऐकूनही घेतलं नव्हतं, म्हणाली होती, कुठं सही करायची ते सांग. ती येईल, मशीन उचलून येईल. त्यात अडचण नव्हती. अडचण कुमुशायच्या घशात होती. हातातला पाना तिनं पेटीत टाकला आणि तो इतका जोरात पडला की मिनीबसमधल्या लोकांनी खिडकीतून बघितलं. म्हणजे तिनं मरायला निघताना आपल्या हातानं लिहून द्यायचं की ही माझी कुणी नव्हे. सगळ्यांनी मिळून जे खोटं केलं, त्याच्यावर शेवटची सही तिची. ती सासूला म्हणाली, तुमच्या पेन्शनीपायी झालं हे.

"व्हय," बात्माकान म्हणाली. "पेन्शनीपायी कागद झाला. पोर पेन्शनीपायी न्हाई घेतली."

"मला इचारलं बी न्हाई कुणी."

"मला बी न्हाई इचारलं, माझा शेयशेन नेला तवा. माझ्या सासूनं वाढिवला त्याला. बघितलास न्हवं कसा वाढिवला?"

कुमुशायला यावर हसू आलं असतं, एखाद्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी तिनं हिशेब केला तो दिवसांचा: कोर्टाला चार-पाच महिने, तिच्याकडे सहा दिवस. कोर्टाच्या वाटेनं गेलं आणि मधेच ती संपली तर आदिनाय कोळशाच्या खोलीशेजारी मासळी खरवडत बसणार. दुसऱ्या वाटेनं तिघं एका छपराखाली, आणि तिचं स्वतःचं नाव कुठंच नाही. तिनं मिनीबसवाल्याला ओरडून सांगितलं की आता निघ, काय सिनेमा चाललाय का. मग सासूला म्हणाली, उद्या धा वाजता.

म्हातारीनं उठता उठता आणखी एक अट घातली, मी हाय तोवर आदिनाय माझ्या खोलीत झोपंल, ते बी लिही. कुमुशाय म्हणाली, ती पोर हाय, गादी न्हाई. तिला इचारा. आजवर न्हाई इचारलं कुणी, आता इचारा.

नोटरीबाईंकडे त्या चौघी गेल्या: कुमुशाय, बात्माकान, पहाटेच्या गाडीनं आलेली जिपार आणि शाळेचा पांढऱ्या रिबिनीचा फुलोरा केसांत लावलेली आदिनाय, कारण दहा वर्षांवरच्या मुलाचं म्हणणं घ्यावं लागतं, असं बाईंनी सांगितलं होतं. आधी कुमुशायचं मृत्युपत्र झालं. बाई टाइप करत होत्या आणि मोठ्यानं वाचत होत्या. मुलगा एर्बोल, एक तृतीयांश. मुलगी सायकाल, एक तृतीयांश. नणंद आदिनाय, एक तृतीयांश.

"नातं लिहायलाच पायजे?"

"नाही लिहिलं तर उद्या तुमचे दीर विचारतील, ही कोण. लिहिलं तर विचारता येणार नाही."

"लिवा मग," कुमुशाय म्हणाली, आणि जिपारनं तिच्या पाठीवर हात ठेवला तो तिनं खांदा उडवून झटकला. कुणी हात ठेवला असता तर ती रडली असती, आणि या खोलीत रडायचं नाही हे तिनं पायरी चढतानाच ठरवलं होतं.

मग बात्माकानचा कागद. बाईंनी विचारलं, ही तुमची मुलगी? म्हातारीनं गुडघा चोळायला घेतला. जिपार खिडकीबाहेर बघू लागली. शेवटी बात्माकान म्हणाली, कागदावर हाय ते वाचा, बाई, माझ्या तोंडानं का वदवून घेता. बाईंनी आग्रह धरला नाही. त्यांनी आदिनायला विचारलं, तुला कुणाबरोबर राहायचंय?

"एर्बोल आणि सायकाल असतील तिथं."

"आणि मावशी सांभाळील, चालेल?"

"जिपारमावशी ना? चालेल," आदिनाय म्हणाली.

बाईंची बोटं टाइप करता करता थांबली. नणंदेला वहिनीची बहीण मावशी लागत नाही. मुलीच्या तोंडून ते सरळ आलं होतं, तिनं कुणाकडे बघितलंही नाही. बाईंनी ते लिहून घेतलं नाही. आणि झोपायचं कुठं, हे त्यांनी आजीच्या सांगण्यावरून विचारलं तेव्हा ती म्हणाली, वाटंल तिथं झोपंन, थंडी वाजंल तसं.

सह्या झाल्या. शिक्के बसले. पायऱ्यांवर येऊन आदिनायनं वहिनीच्या हातातली प्रत ओढून घेतली आणि वाचली. पाचवीतली पोर, वाचायला हुशार. वाचून होईपर्यंत तिघी बायका थंडीत तशाच उभ्या राहिल्या.

"हितं चूक हाय," ती म्हणाली, आणि एका शब्दावर नख ठेवलं.

अकरा वर्षांचं "हं" कुमुशायच्या ओठांवर अडकून बसलं होतं, आत जाईना, बाहेर येईना. बात्माकाननं मुलीच्या हातून कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि कुमुशायच्या खिशात कोंबला.

"चूक न्हाई. लबाडी हाय. माझी आन तुझ्या आज्याची." आजा. इतकी वर्षं त्या माणसाला ही मुलगी बाबा म्हणत आली होती. मग म्हातारी सुनेकडे वळली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू जा, कापून घे काय कापायचं ते, आन परत ये. परत आलीस की जाऊ कोर्टात. तिथं उभी ऱ्हाऊन सांगते, साऱ्या गावाला कळू दे, पेन्शन काढून घिऊ दे. पण मेलीस तर मी न्हाई जायची. मेल्यालीसाठी मी कोर्टाच्या पायऱ्या न्हाई चढणार. गुडघे दुखतात माझे."

कुमुशायला पुन्हा तोच राग आला. या बाईनं तिची पोर घेतली, दूध घेतलं, नाव घेतलं, आणि आता तिच्या मरणावरही अट घातली. ती सगळ्यांच्या पुढे चालत सुटली.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी बिश्केकची टॅक्सी दारात आली. चार उतारू आधीच आत बसलेले. कुमुशायनं पिशवी ठेवली आणि सवयीनं मागच्या चाकाला लाथ घातली. चाक मऊ लागलं. ड्रायव्हर म्हणाला, चालतंय हो ताई, तळ्यापर्यंत आरामात जाईल. कुमुशाय म्हणाली, मी बसलेल्या गाडीचं चाक असं चालणार न्हाई, दुकानापाशी घे. उतारू कुरकुरले. तिनं त्यांना सांगितलं की ज्याला घाई असेल त्यानं उतरून चालावं.

दुकान उघडून तिनं मशीन सुरू केलं. मागोमाग आदिनाय धावत आली होती, एर्बोल आणि सायकालला दारातच सासूपाशी सोडून. कुमुशाय वाकली तशी पोटातून कळ गेली आणि ती चाकाला धरून थांबली. मुलीनं तिच्या हातातली हवेची नळी घेतली, वॉल्ववर दाबली, दुसऱ्या हातानं मीटर धरलं. नीट धरलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं, भिंतीपलीकडून बघून शिकली असणार.

"किती भरू?" तिनं विचारलं.

तिच्या प्रश्नाआधी रोज वहिनी हा जो शब्द असायचा तो आज नव्हता. त्याच्या जागी दुसराही नव्हता. नुसताच प्रश्न होता.

"दोन पॉईंट दोन बार," कुमुशाय म्हणाली. "कमी नको. मला परत यायचंय याच्यावर."